ऐनवेळी हलणारे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवणे ही गोष्ट महाराष्ट्राच्या शहरांना नवी नाही. भाड्याच्या जागेत राहणारा, बदलीची नोकरी करणारा किंवा गावाकडची जमीन सोडून पोटामागे आलेला असा जो कोणी गृहस्थ असेल, त्याच्या आयुष्यात चार-दोन बिऱ्हाडे होतातच; आणि पुरेशी सवड असली म्हणजे या उलाढालीत एक प्रकारचा उत्साहही असतो, कारण नवी जागा पाहणे, कोणती खोली कोणाला द्यावी याचा खल करणे, जुन्या वस्तूंतील कोणत्या ठेवाव्या व कोणत्या टाकाव्या याचा निवाडा करणे, ही सारी कामे निवांतपणे करता आली तर संसाराला ताजेपणाच आणतात. परंतु हेच काम आठ दिवसांच्या, चार दिवसांच्या, क्वचित एका रात्रीच्या मुदतीत उरकण्याचा प्रसंग आला की त्याचे स्वरूप समूळ पालटते. अशा घाईत जे नुकसान होते त्यापैकी फुटलेल्या काचेचे आणि खरचटलेल्या कपाटाचे नुकसान डोळ्यांना सर्वांत आधी दिसते, पण ते सर्वांत हलके असते. जे भरून निघत नाही ते दस्तऐवजांचे, हक्कांचे, आजाऱ्याच्या औषधपाण्याचे आणि मुलांच्या शाळेचे नुकसान होय. आणि घाईत सापडलेला मनुष्य आपला बहुतेक वेळ नेमका पहिल्या प्रकारच्या चिंतेत घालवतो. ही उफराटी रीत कशी सुधारता येईल, हे पाहण्यासाठी या प्रश्नाच्या निरनिराळ्या अंगांचा येथे विचार केला आहे.

मागे वळून पाहिले तर आपल्या प्रांताने तातडीची स्थलांतरे मोठ्या प्रमाणावर अनुभवलेली आहेत. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत त्या शहरातून लक्षावधी लोक मिळेल त्या वाहनाने बाहेर पडले. पुण्यात १८९७ साली घरतपासणीच्या निमित्ताने लोकांचे सामान रस्त्यावर आले, कित्येकांचे जाळले गेले; आणि पुढे कैक वर्षे दक्षिणेतील गावोगावी साथ आली की घरांना कुलपे लावून माळावर झोपड्या घालून राहण्याचा परिपाठच पडला. त्या पिढीतील लोकांना निघताना काय घ्यावे हे ठाऊक होते: धान्य, पांघरुणे, चार भांडी, देव आणि खताचे कागद. पुढे १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फुटले, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील कुटुंबांना काय न्यावे याचा विचार करण्याइतकीही फुरसत मिळाली नाही. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वस्त्यांच्या जन्माशी त्या दिवसाची आठवण जोडलेली आहे. कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा व कृष्णा यांचे पाणी घरात शिरले, तेव्हा ज्यांना वरचा मजला होता त्यांनी सामान वर चढवले आणि ज्यांना नव्हता त्यांनी हाती आले ते उचलून निवारा केंद्राची वाट धरली. अशा आपत्तीनंतर जेव्हा पंचनामे सुरू होतात, तेव्हा ज्याच्या हातात शिधापत्रिका, घराचा उतारा आणि बँकेचे पुस्तक असते त्याचे काम आठवड्यात होते, आणि ज्याचे कागद वाहून गेले त्याला आपण त्या घरात राहत होतो हेच प्रथम सिद्ध करावे लागते.

निसर्गाचा कोप वगळला तर ऐनवेळच्या बिऱ्हाडाचे सर्वांत नित्याचे कारण म्हणजे बदलीचा हुकूम. महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करण्यासाठी २००५ सालचा जो अधिनियम केला आहे, त्यात एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा धरला आहे आणि बदल्या सामान्यतः वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात असे म्हटले आहे. या तरतुदीमागे मुलांच्या शाळांचा विचार आहे हे उघड आहे, आणि तो योग्यच आहे. तथापि प्रशासकीय निकड, विनंती आणि अपवाद यांच्या वाटेने पावसाळ्यात, दिवाळीच्या तोंडावर, सहामाही परीक्षेच्या आठवड्यातही हुकूम निघतात. मध्यवर्ती सरकारच्या नोकरांना जुन्या व नव्या ठाण्यांतील अंतर हजार किलोमीटरपर्यंत असल्यास रुजू होण्यासाठी दहा दिवस मिळतात. दहा दिवस पुरेसे वाटतात. पण त्यांतून कार्यभार सोपवण्याचे दोन-तीन आणि प्रवासाचे एक-दोन वजा केले म्हणजे संसार आवरायला आठवडाही धड उरत नाही. अशा वेळी माझ्या मते शहाणपणाचा मार्ग एकच: नोकरदाराने एकट्याने रुजू व्हावे आणि कुटुंबाने सत्र संपेपर्यंत जुन्या जागी राहावे. दोन ठिकाणचा खर्च जड जातो हे खरे, पण दहावीतल्या मुलीला जानेवारीत नव्या शाळेत बसवण्यापेक्षा तो हलका असतो.

भाडेकरूंच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि त्यातील निम्मी गुंतागुंत अज्ञानाची आहे. भाडेपट्टा एक वर्षाहून अधिक मुदतीचा असल्यास त्याची नोंदणी सक्तीची, म्हणून अकरा महिन्यांचा करार करण्याचा प्रघात देशभर पडला; परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आल्यावर आपल्या राज्यात अकरा महिन्यांचा भाडेकरारसुद्धा लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद उपस्थित झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरले जाते. दुसऱ्या बाजूने, जागा वापरण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावरही ती अडवून धरणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, हेही त्याच कायद्यात आहे. म्हणजे मुदत संपत आली असता गप्प बसणे हे भाडेकरूच्या हिताचे नाही. शेवटच्या दोन महिन्यांत मालकाला विचारून, करार वाढणार की नाही याचे लेखी उत्तर मिळवणे हेच हिताचे. मुदतीच्या आत मालकाने एकाएकी ‘रविवारपर्यंत जागा खाली करा’ असे फर्मावले, तर करारात लिहिलेली सूचनेची मुदत प्रथम उघडून पाहावी. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानेही परवाना रद्द झाल्यावर जागा सोडण्यास व सामान हलवण्यास वाजवी अवधी मिळण्याचा हक्क मान्य केला आहे. कायद्याचा मार्ग सोडून, दाराला परस्पर कुलूप ठोकून कोणी ताबा घेतला, तर सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा करून तो परत मागता येतो. हे सारे सांगण्याचा हेतू तंटा वाढवावा हा नाही. ज्याला चार दिवसच आहेत असे वाटते त्याला पुष्कळदा तीस दिवस असतात, आणि ते मागून घेण्याचे धैर्य त्याला कागदाच्या आधारानेच येते.

अनामत रकमेविषयी एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. बिऱ्हाड घाईने हलले की अनामत अडकते, कारण किल्ली देण्याच्या क्षणी दोन्ही पक्ष थकलेले असतात, टेम्पो दाराशी उभा असतो, आणि ‘हिशेब मागाहून करू’ या तीन शब्दांवर निरोप घेतला जातो. तो मागाहूनचा हिशेब मग महिनोन्‌महिने लांबतो. म्हणून रिकाम्या खोल्यांची, नळांची, भिंतींची आणि वीजमीटरवरील आकड्याची छायाचित्रे मालकाच्या समक्ष काढावीत, शेवटचे वीजबिल व सोसायटीची देणी फेडल्याच्या पावत्या दाखवाव्यात, आणि किल्ली दिल्याची व रक्कम मिळाल्याची पोच एकाच कागदावर, एकाच वेळी घ्यावी. हे काम पाऊण तासाचे आहे. सामान भरण्याच्या धांदलीतून तेवढा वेळ घरातील एका माणसाने काढलाच पाहिजे, आणि त्या माणसाला त्या दिवशी दुसरे कोणतेही काम सांगू नये.

कागदांची पिशवी हा या साऱ्या बंदोबस्ताचा कणा आहे. करारनामा, ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, शिधापत्रिका, जन्माचे दाखले, शैक्षणिक प्रमाणपत्रे, विम्याचे दस्त, दवाखान्याची चिठ्ठी व चाचण्यांचे अहवाल, दागिन्यांची व लॉकरची किल्ली, आणि किमान पंधरा दिवसांची औषधे, हे सर्व एका पिशवीत घालून ती पिशवी घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या हाती द्यावी. ती ट्रकमध्ये चढता कामा नये. मुलांच्या शाळेबाबत पालक उगाच हवालदिल होतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे इयत्ता आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला तत्काळ देणे मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे, आणि दाखला यायला उशीर झाला एवढ्यावरून नव्या शाळेने प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, हे शांतपणे सांगितले की पुष्कळ दारे उघडतात. गॅसजोडणीचे म्हणाल तर त्याच गावात जागा बदलली असल्यास वितरकाकडे नोंद बदलून भागते. दुसऱ्या शहरी जायचे असेल तर सिलिंडर व रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून अनामत परत घ्यावी आणि त्याने दिलेला कागद नव्या वितरकाला दाखवावा. भरलेला सिलिंडर सामानात दडवून नेण्याचा मोह काहींना होतो. तो जिवावर बेतणारा आहे. मोटारगाडीच्या नोंदणीवरील पत्ता तीस दिवसांच्या आत कळवायचा असतो, मतदारयादीत आठ क्रमांकाचा नमुना भरायचा असतो, टपाल कचेरीत नवा पत्ता देऊन ठेवायचा असतो. ही कामे मात्र नव्या जागी स्थिरावल्यावर केली तरी चालतात, आणि चार दिवसांच्या मुदतीत त्यांच्यामागे धावणे म्हणजे वेळेचा अपव्यय होय.

आता सामान. येथे मला प्रथम हे म्हणायचे आहे की बांधाबांधीचे शास्त्र आपल्याकडे लिहिले गेले नसले तरी ते घरोघरच्या स्त्रियांना अवगत आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना क्वचितच मिळते. नवऱ्याची बदली म्हणजे नवऱ्याच्या नावे निघालेला एक कागद. तो कागद अमलात आणणारे हात बहुतेक वेळा दुसऱ्याच माणसाचे असतात. लोणच्याची बरणी कशी निघते ते पाहावे. तोंडापर्यंत तेल असलेली बरणी तशीच उचलली तर वाटेत ती सांडणारच. म्हणून वरचे तेल वाटीभर काढून घेतात, झाकण पुसून कोरडे करतात, त्यावर स्वच्छ फडक्याचा दादरा सुतळीने आवळून बांधतात, आणि मग ती बरणी तांदळाच्या डब्यात, चारी बाजूंनी तांदूळ लोटून, उभी रोवतात. तांदूळही जातो, बरणीही जाते, वेगळे खोके लागत नाही. मिसळणाच्या डब्यातील वाट्यांवर जुन्या पत्रिकेचा जाड कागद कापून बसवतात, म्हणजे हळद मोहरीत जात नाही. काचेच्या बशा आडव्या न रचता कडेवर उभ्या लावाव्यात, पुस्तके मोठ्या खोक्यात न भरता लहान खोक्यांत भरावीत, पलंगाचे स्क्रू पाकिटात घालून ते पाकीट त्याच पलंगाच्या फळीला चिकटवावे, शीतकपाट आदल्या दिवशी रिकामे व कोरडे करून उभेच न्यावे आणि नव्या जागी काही तास स्वस्थ ठेवून मगच चालू करावे, या गोष्टी ज्याने एकदा अनुभवल्या त्याला सांगाव्या लागत नाहीत.

क्रमाचे तत्त्व असे की ज्या वस्तूवाचून आठवडा निघेल ती आधी बांधावी आणि जिच्यावाचून सकाळ निघत नाही ती शेवटी. माळ्यावरचे, दिवाणातले, शोकेसमधले प्रथम. स्वयंपाकघर सर्वांत अखेर. शेवटच्या खोक्यात चहा-साखर, एक पातेले, चार पेले, पोळपाट-लाटणे, केरसुणी, दिव्याचा बल्ब, दोरी, सुरी व काडेपेटी जावी, आणि तेच खोके नव्या जागी पहिल्यांदा उघडावे. पण मुदतच दोन दिवसांची असेल तर या क्रमाचाही हट्ट सोडून निराळा प्रश्न विचारावा लागतो: काय न्यायचेच नाही? आपल्या मध्यमवर्गीय घरांत टाकण्याचे धैर्य कमी. ज्या कपाटाचे भाडे त्याच्या किमतीइतके होते ते कपाट आपण दोनशे मैल ओढत नेतो, कारण ते आईच्या वेळचे असते. आईच्या वेळचे म्हणून नेणे मला मान्य आहे; केवळ आहे म्हणून नेणे मान्य नाही. रद्दीवाला, भंगारवाला, बोहारीण आणि शेजारपाजार यांना शेवटच्या दिवशी बोलावले की वस्तू मातीमोल जातात. पहिल्याच दिवशी बोलावले तर दोन पैसे येतात आणि गाडीही लहान लागते.

वाहतुकीच्या धंद्यात प्रामाणिक लोक पुष्कळ आहेत, आणि फसवणारेही आहेत. सर्वांत स्वस्त दर सांगून सामान चढवून घ्यायचे आणि दुसऱ्या गावी पोचल्यावर उतरवण्यापूर्वी जास्तीच्या रकमेसाठी अडून बसायचे, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते, आणि घाईतला गिऱ्हाईक हाच तिचा ठरलेला बळी. दर लेखी घ्यावा, त्यात चढवणे, उतरवणे, मजले, टोल व बांधणी धरली आहे की नाही हे लिहून घ्यावे, बिल्टी घेतल्याशिवाय गाडी हलू देऊ नये. २००७ च्या रस्तावाहतूक कायद्याप्रमाणे मालाची अधिक किंमत आधी जाहीर केली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित राहते. म्हणून जिन्नसवार यादी दोन प्रतींत करून मौल्यवान वस्तूंसमोर किंमत मांडावी. दुचाकी रेल्वेने पाठवायची असल्यास टाकीतील पेट्रोल पूर्ण काढावे लागते आणि नोंदणीपुस्तकाची प्रत लागते, हे स्थानकावर जाऊन कळले तर अर्धा दिवस फुकट जातो.

हमालांविषयी दोन शब्द अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. लोखंडी कपाट जुन्या चाळीच्या अरुंद जिन्यावरून उतरवताना पाहिले म्हणजे ते काम केवळ बळाचे नाही हे पटते. वरचा माणूस पट्टा खांद्यावर घेऊन भार मागे खेचतो, खालचा पाठीने तो पेलत एकेक पायरी पायाच्या बोटांनी चाचपतो, वळणावर कपाट उभे करून त्याचा एक कोपरा कठड्याबाहेर काढतात, आणि ‘तिरपं घे’, ‘थांब’, ‘सोड आता’ एवढ्याच बोलण्यावर दोघांचे जीव परस्परांच्या हाती असतात. अशा श्रमिकांना किमान संरक्षण मिळावे यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा केला, आणि त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीचे श्रम होते. घरगुती सामानाच्या फुटकळ कामाला मात्र पुष्कळदा नाक्यावरून आणलेली पोरे येतात, ज्यांची कुठे नोंद नसते. त्यांची मजुरी सामान उचलण्याआधी, मजल्यांचा हिशेब करून ठरवावी आणि काम संपताच रोख द्यावी. घासाघीस करायची ती गाडीवाल्याशी करावी, ज्याची पाठ मोडते त्याच्याशी करू नये.

वृद्ध आणि लहान मुले यांना बांधाबांधीच्या दिवशी शेजारी किंवा नातलगाकडे धाडावे असे सर्रास सांगतात. मुलांच्या बाबतीत ते ठीक आहे. वृद्धांच्या बाबतीत मी तसे म्हणणार नाही. ज्या आजीने त्या खोलीत चाळीस वर्षे काढली, तिला सकाळी ‘भाचीकडे जाऊन या’ म्हणून पाठवायचे आणि संध्याकाळी परस्पर नव्या जागी उतरवायचे, यात सोय आहे पण दया नाही. तिच्यासमोर, तिला विचारून, तिचे देव व तिची पेटी निघाली पाहिजे.

शेवटी ज्या स्थलांतराचा विचार मुंबईत तरी दर पावसाळ्यापूर्वी करावा लागतो, त्याकडे वळले पाहिजे. मोडकळीस आलेल्या इमारतींची यादी म्हाडा व महानगरपालिका दरवर्षी जाहीर करतात, १८८८ च्या महापालिका कायद्याच्या ३५४ व्या कलमाखाली नोटिसा निघतात, आणि तरीही रहिवासी जागचे हलत नाहीत. त्यांना हटवादी म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबे वर्षानुवर्षे, कधी एक पिढी उलटेपर्यंत, तेथेच अडकून पडलेली त्यांनी पाहिली आहेत. खोली सोडली की हक्क सुटेल ही त्यांची भीती पोकळ नाही, अनुभवातून आलेली आहे. पण कायद्याची स्थिती अशी की धोकादायक इमारत रिकामी केल्याने किंवा पाडल्याने भाडेकरूचा हक्क बुडत नाही, आणि पाडकामापूर्वी प्रत्येक रहिवाशाच्या जागेचे चटईक्षेत्र मोजून त्याची यादी पालिकेने तयार केली पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने बजावलेले आहे. तेव्हा नोटीस हाती पडलेल्या कुटुंबाने गाडी व हमाल शोधण्याच्याही आधी वॉर्ड कचेरीत जाऊन आपल्या खोलीची मोजणी करून घ्यावी, तिच्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत मागावी, आणि भाडेपावत्या, वीजबिल व शिधापत्रिका यांच्यासोबत ती प्रत कागदांच्या त्या पिशवीत ठेवावी. आणि ही प्रत रहिवाशाने मागण्याची वाट न पाहता नोटिशीबरोबरच त्याच्या हाती देणे हे पालिकेचे काम आहे. तेवढे झाले तर जून महिन्यात पोलीस आणून घरे रिकामी करवण्याचे पुष्कळसे प्रसंग टळतील.